विश्लेषण : देव माणूस झाला म्हणजे नेमके काय? केडगावने दिलेला अर्थ

नाताळ आला की शिरूर, दौंड परिसरातील ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये गव्हाणीतला बाळ येशू मांडला जातो. देखावा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यामागची श्रद्धा मात्र फारशी समजून घेतली जात नाही. दौंड तालुक्यातल्याच केडगावात या श्रद्धेला शंकाही विचारणाऱ्या आणि ती जगूनही दाखवणाऱ्या पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे.

श्रद्धा काय सांगते?

येशू हा केवळ संत किंवा प्रेषित नव्हे, तर जगाचा निर्माता देवच त्याच्या रूपाने माणूस झाला, असे ख्रिस्ती मानतात. याला ‘देहधारण’ म्हणतात. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने येशूचे देवत्व ठामपणे मांडले. ४५१ मध्ये कॅल्सेडनच्या परिषदेने तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचे सांगितले. म्हणजे त्याची भूक, थकवा, अश्रू आणि मरण खरे होते. ते माणसाचे सोंग नव्हते.

मग हा अवतारच ना?

जनाबाईसोबत दळण दळणारा विठ्ठल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापून प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच रचले. तरीही फरक आहे. अवतार अनेक, देहधारण एकदाच. पुनरुत्थानानंतरही येशूने मनुष्यपण टाकले नाही, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. हेतूही वेगळा आहे : दुष्टांचे निर्दालन नव्हे, तर क्रूसावरच्या मरणातून माणसाचा देवाशी समेट. फरक सांगितला म्हणून एक श्रद्धा थोर आणि दुसरी कमी ठरत नाही.

रमाबाईंना हे लगेच पटले?

नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांवर त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही मानायला त्या तयार नव्हत्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, ख्रिस्त नंतर, असे त्यांनी पुढे लिहिले.

केडगावात काय घडले?

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी, आजारी विधवा आणि मुलींना रमाबाईंनी आणले. त्यांच्यासाठी केडगाव उभे राहिले. कुणी टाकलेल्या, कुणी फसवलेल्या, कुणी अंध. प्रत्येकीला अन्न, औषध, शिक्षण आणि हाताला काम मिळाले. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणले. ते मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

आक्षेप कोणते?

रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. आधाराची गरज असलेल्या मुलीची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे. मात्र ज्यांच्याकडे समाजाने पाठ फिरवली होती, त्यांना कुणी जवळ केले, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

श्रद्धेची कसोटी कुठे?

देव माणूस झाला, हे तर्काने सिद्ध होत नाही. तो श्रद्धेचा विषय आहे. पण मानणाऱ्यावर त्याचे बंधन येते. देवानेच माणसाचा देह पत्करला असेल, तर कुणाचाही देह विटाळलेला किंवा टाकाऊ ठरत नाही. तरीही भारतातल्या ख्रिस्ती समाजात जातीचा भेद शिरलाच. त्यामुळे ही श्रद्धा किती खरी, याची परीक्षा गव्हाणीच्या रोषणाईत होणार नाही. आजारी, टाकलेल्या आणि खालचा समजल्या गेलेल्या माणसाला दारात कसे वागवले जाते, तिथेच ती होईल. केडगावच्या बायकांना ती तिथेच दिसली होती.