न जन्मलेल्यांचा वाटा

आईच्या पोटातल्या बाळाला वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा असतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २०. त्याही आधीच्या, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तर गर्भातही न आलेल्या व्यक्तीच्या हितासाठी मालमत्ता बांधून ठेवण्याची सोय आहे. तेव्हा ‘जे जन्मलेच नाहीत त्यांना कसले हक्क?’ हा प्रश्न कायद्याच्या नावाने तरी कुणी विचारू नये.

घराला जो न्याय तो डोंगराला का नाही? गोव्यात तो एकदा थोडासा लागू झाला. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी लोहखनिजाच्या विक्रीतले १० टक्के एका कायम निधीत टाकायला सांगितले, तेही पुढच्या पिढ्यांचा वाटा म्हणून. उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादाही घातली.

पण दहाच टक्के का? खनिज एकदा बार्जमध्ये भरून मांडवी नदीतून बाहेर गेले की ते कायमचे गेले. त्याचे स्वामित्वधन मात्र अर्थसंकल्पात करेतर महसूल म्हणून जमा होते आणि त्याच वर्षी खर्चूनही टाकले जाते. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याने कुटुंबाच्या गरजेवाचून वडिलोपार्जित जमीन विकली, तर मुले कोर्टात जाऊ शकतात. सरकारने डोंगर विकला तर नातवंडांनी कुठे जावे? त्यांच्या वाट्याला काय उरते ते डिचोली तालुक्यात शिरगावला दिसते. खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या, पंपांनी पाणी उपसले गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. पावसाळ्यात खाणीच्या डंपची लाल माती वाहून खालच्या भातशेतीत बसते. ते शेत पुन्हा पिकते करणे सोपे नसते.

डिसेंबर २०२२ पासून गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत कंपनी बोलते, ट्रकमालक बोलतात, गावकरीही तळमळून बोलतात. न जन्मलेल्यांच्या वतीने बोलणे हे मात्र कुणाचेच काम नसते. फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच जंगलतोडीविरुद्ध मुलांना स्वतःच्या आणि पुढच्या पिढ्यांच्याही वतीने दावा लावू दिला. आपल्या खाण कायद्यातही पुढच्या पिढ्यांच्या वतीने बोलणारा पालक नेमावा, त्याला लिलाव अडवण्याचा अधिकार द्यावा, आणि खनिजाचे सरकारच्या हाती येणारे सगळे मोल त्या कायम निधीत जाऊन खर्चाला फक्त त्याचे व्याज मिळावे.