विकत घेण्याआधी हलवून बघा

कॉलेज सुरू झालं, रूम मिळाली आणि फोनवर रोज एकच प्रकार दिसायला लागला. कुणीतरी टाळी वाजवतं आणि उदास खोली एका सेकंदात झगमगते. पिवळ्या दिव्यांची माळ, भिंतीवर प्लॅस्टिकचा वेल, पांढरा गालिचा आणि खाली सगळ्या वस्तूंच्या लिंक. बघताना भारी वाटतं. मग नजर आपल्या खोलीकडे जाते. लोखंडी कॉट, कुरकुरणारं कपाट, दोरीवर वाळणारे टॉवेल. वाटतं, पैसे असते तर आपणही केलं असतं!

पैशांचं नंतर बघू. आधी एक सांगा, तुमची कॉट आत्ता जिथे आहे, तिथे ती का आहे? बहुतेकांचं उत्तर 'आधीपासून तिथेच होती' असं असणार. सामान आणणाऱ्याला टेकवायला सोपं गेलं तिथे कपाट बसलं, उरलेल्या जागेत टेबल कोंबलं आणि त्यानंतर सगळे त्या मांडणीला वळसा घालत जगतायत. या खोलीचा आजवर कुणी विचारच केलेला नाही. तो तुम्ही करा.

साधा हिशेब मांडू. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. त्यात ६ बाय ३ च्या दोन कॉट, म्हणजे ३६. ३ बाय २ ची दोन टेबलं, १२. ३ बाय दीडची दोन कपाटं, ९. बेरीज ५७. म्हणजे निम्म्याहून जास्त जमीन रिकामी आहे! तरीही पाय ठेवायला जागा नाही असं वाटतं, कारण ही रिकामी जागा तुकड्यांत सांडलेली असते. कॉटमागे अर्धा फूट, कपाटाशेजारी एक फूट, दारामागचा कोपरा. हे तुकडे एकत्र आणायला एक रुपयाही लागत नाही.

चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे अर्धा फूट. दार कुठे उघडतं, खिडकी, पंखा आणि प्लग कुठे आहेत ते आधी काढा, कारण ते हलणार नाहीत. मग कॉट, टेबल, कपाट यांचे कागदी तुकडे कापून फिरवून बघा. कागदी कपाट दहा वेळा सरकवता येतं. खरं कपाट एकदाच सरकवायचं, तेही रिकामं करून, पायांखाली गोणपाट घालून आणि दोघांनी मिळून. एकट्याने पैलवानकी नको.

टेबलाला खिडकीजवळची जागा द्या. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. लॅपटॉप खिडकीच्या अगदी समोर किंवा पाठीला खिडकी घेऊन नको, काटकोनात ठेवा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते, म्हणून एप्रिल-मेमध्ये उशी त्या भिंतीला नको. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून कपाट दोन-तीन इंच पुढे घ्या, पुस्तकं वाचतील. आरसा खिडकीसमोर टांगला की उजेड खोलीभर पसरतो. साडेपाच मीटरच्या जुन्या साडीत दोन खिडक्यांचे पडदे आरामात होतात. आईला विचारून. ही पायरी गाळू नका!

यात नवीन काहीच नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आख्खं कुटुंब राहायचं. अंथरुणाची वळकटी कॉटखाली गेली की तिथेच पंगत बसायची, पंगत उठली की तिथेच अभ्यास. ट्रंकेवर गोधडी टाकली की झाली बैठक. त्यात अडचण होती, गैरसोय होती, तिचं कौतुक करायला नको. पण एका वस्तूकडून तीन कामं करून घ्यायची हुशारी आपल्याच घरांत होती, हे विसरायलाही नको.

आता मुद्द्याचं. खोलीतली मांडणी घरात कुणाला किती जागा आहे हेही सांगते. सगळ्यात चांगल्या भिंतीवर टीव्ही असेल, तर घराचा दिवस टीव्हीभोवती फिरतो. दादाचं टेबल खिडकीशी आणि ताई ओट्याजवळ मांडी घालून नोट्स काढतेय, हे चित्र तुम्ही पाहिलंच असेल. ते कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं. पण कुणी ठरवलेलं नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे कागदावर तुकडे फिरवताना घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. ज्याच्या नावावर एकही कोपरा नाही, त्याची जागा आधी काढा.

रूमवर राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांच्या वाट्याला मुळात एक कॉट येते. तिथे भिंतीचा हक्क नाही, खिळा ठोकायला मालकाची परवानगी नाही. पण एकाला पहाटे चारला उठायचंय आणि दुसरा रात्री दोनपर्यंत वाचतो, तर उठणाऱ्याची कॉट दाराशी आणि वाचणाऱ्याचा दिवा भिंतीकडे, एवढं तर ठरवता येतं? त्यासाठी रूम पार्टनरशी अर्धा तास बोलावं लागेल. ते कपाट सरकवण्यापेक्षा जड वाटतं, पण वर्षभराची धुसफूस वाचवतं.

काही वस्तू घ्याव्या लागतातच. खुर्चीमुळे पाठ दुखत असेल किंवा रात्री उजेड पुरत नसेल, तर तिथे कंजुषी नको. पण आधी दोन आठवडे नव्या मांडणीत राहून बघा. नेमकं काय कमी पडतंय ते तेव्हा कळेल आणि ती यादी लिंकवाल्या यादीपेक्षा बरीच लहान निघेल. घरून येणारे पैसे कुणाच्या तरी ओव्हरटाइमचे असतात, हे आम्ही सांगायला नको.

या रविवारी कुठलीही खरेदी न करता खोलीतली एकच वस्तू हलवा. टेबलापासून सुरुवात करा. आणि कुणाला बरोबर घेऊन हलवायचं, हे आधी ठरवा.