भाकरी खा म्हणता, पण रेशनवर काय देता?

चार माणसं बसली की 'शुगर निघाली' हा विषय निघतोच. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. डॉक्टर सांगतात, भात कमी करा, भाकरी खा. बरोबरच आहे. पण रेशनवर बहुतेकदा मिळतं काय? गहू अन् तांदूळ!

आपल्याच कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' ही ज्वारी आणली, २०१८ साली. लोह आणि जस्त जास्त असलेली. जिल्ह्याचं नाव आहे तिला, पण आपल्या ताटात किती दिसते? अर्थात ज्वारी म्हणजे औषध नाही. चार भाकरी चढवल्या तर साखर वाढणारच.

अन् नुसतं ताट बघूनही भागत नाही. कापसावर औषध मारणारा गडी नाकाला नुसता रुमाल बांधतो. २०१७ मध्ये मदुराईच्या संशोधकांना ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं आणि वाढलेली रक्तशर्करा यांचा संबंध दिसला. माणसांत तेच कारण आहे हे सिद्ध व्हायचंय, मान्य. तोवर रुमालावरच भागवायचं का?

माझ्या मागण्या दोनच. रेशनवर कायमची ज्वारी द्या. अन् शुगर तपासताना फवारणी किती वर्षं केली, हेही विचारा.