गादी मुलाच्या नावावर

कोल्हापूरला स्त्रियांच्या मालमत्ता हक्कावर शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र अचानक रद्द झालं आणि माझी परतीची गाडी रात्रीची. बरोबरची एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, पन्हाळा बघितलाय का? चला, जाऊन येऊ." एसटीनं जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. निघालो.

तीन दरवाजा पाहिला, अंधारबाव पाहिली, अंबरखान्याची धान्याची प्रचंड कोठारं पाहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. बाजीप्रभू, शिवा काशीद यांच्या कथा वाटाड्यानं रंगवून सांगितल्या. मी ताराराणींबद्दल विचारलं. तो म्हणाला, "सवतीसवतींचं भांडण हो. त्यात गादी गेली."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराराणी पंचविशीत होत्या. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, मराठ्यांचा लढा त्यांनी चालवला. नंतर याच पन्हाळ्यावर त्यांची राजधानी होती. १७१४ मध्ये सवत राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराराणी मुलासह कैदेत पडल्या. शाहू महाराज आणि या संभाजीमध्येही गादीवरून लढाया झाल्या. १७३१ साली वारणेचा तह झाला तेव्हा वाद मिटला. त्याला मात्र कुणी भाऊबंदांचा मत्सर म्हणून सोडून देत नाही. ते राजकारण ठरतं. बायकांनी तेच केलं की 'सवतीमत्सर'.

मला दुसरीच गोष्ट टोचली. एवढा कारभार करूनही गादी ताराराणींच्या नावावर नव्हती. ती लहानग्या शिवाजीच्या नावावर होती. राजसबाईंनाही मुलालाच पुढे करावं लागलं. सत्ता मुलामार्फतच मिळणार असेल, तर दोन आया एकमेकींसमोर उभ्या राहणारच. ही व्यवस्था त्या दोघींनी निर्माण केलेली नव्हती.

सकाळी शिबिरात याहून वेगळं काय ऐकलं होतं? शेतात राबते बाई, सातबाऱ्यावर नवरा, नंतर मुलगा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी हक्क राहतो. तरीही बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतातच. एक बाई म्हणाली होती, "सही नाही केली तर भावाचं दार बंद हुतंय. सणाला जायचं कुठं?" आणि सही मागायला बहुतेक वेळा भावजयीला पुढे करतात. मग गावात चर्चा नणंद-भावजयीच्या भांडणाची होते. जमीन कुणाच्या नावावर चढली, हे कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, कायदा समजावून सांगणं पुरेसं नाही. सही न करणाऱ्या बहिणीला दिवाळीला जायला एखादं घर लागेल, आणि ते आपल्याला उभं करावं लागेल. नणंद आणि भावजय दोघींना एकाच बैठकीत बोलवावं लागेल. कारण भावजयही कुणाची तरी बहीण आहे, आणि तिनंही माहेरी कधीतरी अशीच सही केलेली असते.