चुंबकीय पट्टी : शोधाचा नव्हे, जबाबदारी टाळण्याचा इतिहास

१/ बँकेच्या कार्डाच्या पाठीवरील काळ्या पट्टीचा इतिहास म्हणून एकच गोष्ट वारंवार सांगितली जाते : अभियंता नवरा, इस्त्री करणारी पत्नी आणि क्षणात सुटलेले कोडे. गोष्ट गोड आहे. पण तिने खरा प्रश्न झाकून टाकला आहे. जिची नक्कल करणे इतके सोपे, अशी वस्तू अर्धे शतक जगाच्या पैशाची किल्ली म्हणून टिकली कशी? (धागा)

२/ आधी ती गोष्ट. १९६० च्या दशकाच्या आरंभी आयबीएममधील फॉरेस्ट पॅरी हे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी ओळखपत्र तयार करत होते. प्लास्टिकच्या कार्डावर चुंबकीय फीत बसेना. गोंद लावावा तर फीत वाकडी होई किंवा निकामी होई. पत्नी डोरोथिया त्या वेळी इस्त्री करत होत्या. इस्त्रीच्या उष्णतेने फीत वितळवून बसवावी, असे त्यांनी सुचवले आणि ती बसली.

३/ गोष्ट अक्षरशः खरी मानली, तरी तिने सिद्ध होते ते एवढेच की फीत चिकटली. चुंबकीय फितीचे पेटंट १९२८ सालचे, जर्मनीतील फ्रिट्झ फ्लॉयमर यांचे. सिगारेटच्या कागदावर धातूची पट्टी बसवण्याच्या कामातून ते तिकडे वळले होते. लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रूक स्थानकात चुंबकीय तिकिटांवर उघडणारे दरवाजे १९६४ मध्येच बसवून पाहिले गेले. कल्पना एका घरात जन्मलेली नव्हती.

४/ पट्टी जगभर चालली ती मानकामुळे. आयबीएमला कार्डे विकायची नव्हती; कार्डे वाचणारी यंत्रे आणि त्यांच्यामागचे संगणक विकायचे होते. म्हणून कंपनीने हे तंत्र सर्वांना खुले ठेवले. पट्टीवरील तीन ट्रॅक ही तर चक्क वाटणी आहे : पहिला विमान कंपन्यांच्या संघटनेने आखलेला, दुसरा अमेरिकी बँकांच्या, तिसरा बचत संस्थांच्या गरजेसाठी.

५/ पट्टीची रचना साधी आहे. रेझिनमध्ये मिसळलेले लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण तिच्यावर असतात आणि त्यांच्या चुंबकत्वाची दिशा ठरावीक अंतराने उलटवलेली असते. प्रत्येक बिटच्या आरंभी दिशा उलटते. बिटच्या मध्यावर ती पुन्हा उलटली तर ‘एक’, न उलटली तर ‘शून्य’. त्यामुळे कार्ड सावकाश ओढा की झरकन, वाचकयंत्राला ताल आपोआप सापडतो. पट्टीवर अगदी बारीक लोहकीस भुरभुरला, तर या रेषा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

६/ बँका प्रामुख्याने वापरतात तो दुसरा ट्रॅक. त्यावर जास्तीत जास्त ४० चिन्हे, प्रत्येक चिन्हाला ५ बिट. म्हणजे अवघे २०० बिट. त्यांत कार्डाचा क्रमांक, मुदत, तीन अंकी सेवा-संकेत आणि बँकेचे तपासणीचे अंक. ही माहिती कधीच बदलत नाही. किराणा दुकान असो, पेट्रोलपंप असो की एटीएम, पट्टी प्रत्येकाला तेच सांगते.

७/ येथेच मेख आहे. कॅसेटवरून कॅसेट भरून घेण्याचा काळ ज्यांनी घरच्या मोठ्यांकडून ऐकला आहे, त्यांना हे लगेच उमजेल. पट्टी म्हणजे त्याच जातीची फीत. एकदा वाचली की दुसऱ्या कोऱ्या कार्डावर जशीच्या तशी उतरते आणि यंत्राला अस्सल व नक्कल यांत फरक करता येत नाही. उरतो चार अंकी पिन. तो छोटा कॅमेरा किंवा बनावट कळफलक टिपून घेतो.

८/ १९७० मध्ये पट्टी स्वीकारणारे मूर्ख नव्हते. तेव्हा दुकानात कार्डावरील उठावाचे अंक कार्बन कागदावर दाबून उमटवत आणि रद्द झालेल्या कार्डांच्या छापील याद्या चाळत. त्या मानाने बँकेच्या संगणकाला थेट विचारणा करणारी पट्टी ही मोठीच झेप होती.

९/ पण ‘तेव्हा धोका ठाऊकच नव्हता’ हा बचाव टिकत नाही. १९७२ मध्ये ब्रिटनच्या लॉइड्स बँकेने पट्टीवर चालणारी रोकड यंत्रे सुरू केली, तेव्हा यंत्र आणि बँक यांच्यातील संदेश झाकण्यासाठी आयबीएमने ‘लुसिफर’ घराण्यातील संकेतपद्धती वापरली. तार सुरक्षित हवी, हे कळत होते. ग्राहकाच्या खिशातील पट्टी मात्र उघडीच राहिली.

१०/ पर्यायही लवकर आला. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिप-कार्डाचे पेटंट घेतले. १९९२ च्या अखेरीस फ्रान्समधील सर्व बँक-कार्डांवर चिप होती. पुढे आलेल्या ईएमव्ही मानकातील चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत घडवते. कालचा संकेत चोरून आजचा व्यवहार होत नाही.

११/ ‘चांगले तंत्र आले की जुने आपोआप जाते’ हा लोकप्रिय इतिहासलेखनाचा आवडता सिद्धान्त. तो खरा असता, तर पट्टीचे दिवस तेव्हाच भरले असते. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये चिप आणि पिन यांची सक्ती २००६ मध्ये आली, अमेरिकेत चिपकडे खरी वाटचाल २०१५ मध्ये. या विलंबाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते न्यायालयांत आणि करारांत मिळते.

१२/ ब्रिटन, १९९२. आपण न केलेले सहा व्यवहार खात्यात दिसल्यावर एका पोलीस शिपायाने आपल्या वित्तसंस्थेकडे तक्रार केली. संस्थेचे म्हणणे : यंत्रणा चुकूच शकत नाही, म्हणजे तक्रारदार खोटारडा. १९९४ मध्ये फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल तोच दोषी ठरला. अपिलात संस्थेने बचावपक्षाच्या तज्ज्ञाला आपली यंत्रणा पाहू दिली नाही; तेव्हा तिचा पुरावा बाजूला सारला गेला. १९९६ मध्ये तो निर्दोष सुटला. चार वर्षे गेली होती.

१३/ अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने अशा व्यवहारांत सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयासमोर एका बाजूला यंत्राची नोंद होती, तर दुसऱ्या बाजूला पैसे काढले गेले त्या वेळी आपण कामावर होतो, हे दाखवणारी स्त्री. न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला. यंत्राची साक्ष अभेद्य मानली, तर सामान्य माणसाला बचावच उरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

१४/ त्या शिपायाच्या बाजूचे तज्ज्ञ होते केंब्रिजचे रॉस अँडरसन. फसवणुकी बहुधा संकेतपद्धती फुटल्यामुळे होत नाहीत. त्या ढिसाळ अंमलबजावणीमुळे आणि व्यवस्थापनाच्या चुकांमुळे होतात, हे त्यांनी १९९३ च्या निबंधात दाखवले. त्यामागचे सूत्र सरळ आहे : ज्याला तोटा सोसावा लागत नाही, तो कुलूप बदलत नाही.

१५/ यावर आक्षेप येईल : अमेरिकेत ग्राहक सुरक्षित होता, तरी पट्टी सर्वाधिक काळ तिथेच कशी टिकली? स्वस्त दूरध्वनीमुळे तिथे प्रत्येक व्यवहार बँकेला विचारून करता येई, हे उत्तर १९८५ साठी पुरेसे आहे. २०१३ साठी नाही. त्या वर्षाच्या अखेरीस ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली.

१६/ खरे कारण पुन्हा जबाबदारीच. नवी यंत्रे घेण्याचा खर्च दुकानदाराचा, बनावट कार्डाचा तोटा बहुतांशी बँकेचा. म्हणून दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले. १ ऑक्टोबर २०१५ पासून कार्ड कंपन्यांनी नियम बदलला : चिप न स्वीकारणाऱ्याने बनावट व्यवहाराचा तोटा भरावा. त्यानंतर अमेरिकेतील दुकानांत चिपची यंत्रे झपाट्याने दिसू लागली. त्या दिवशी नवा शोध लागला नव्हता. फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर गेले होते.

१७/ आता महाराष्ट्र. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर २८ देशांतील एटीएममधून काही तासांत बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. देशांतर्गत व्यवहार झाले त्यांत कोल्हापूरही होते. १३ ऑगस्टला हाँगकाँगमधील खात्यात आणखी रक्कम वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. पट्टीची कार्डे बदलण्याची रिझर्व्ह बँकेची मुदत होती ३१ डिसेंबर २०१८. तिला पाच महिनेही उरले नव्हते.

१८/ येथे अचूक राहिले पाहिजे. त्या दरोड्याचे मूळ पट्टीत नव्हते. व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेतच घुसखोरी झाली होती. परंतु मंजुरी हाती आल्यावर प्रत्यक्ष नोटा उचलण्यासाठी माणसांच्या हाती कार्डे लागतात, आणि शेकडो कार्डे इतक्या सहजी घडवता आली ती पट्टीमुळे. शिवाय सहकारी बँकेचा तोटा म्हणजे अखेर सभासदांचा तोटा.

१९/ भारतातील महत्त्वाची तारीख म्हणून चिपची मुदत सांगितली जाते. तितकीच महत्त्वाची आहे ६ जुलै २०१७. त्या दिवशीच्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याचे दायित्व शून्य. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर. हे परिपत्रक किती खातेदारांनी वाचले असेल?

२०/ उलट ‘पिन कोणालाही सांगू नका’ हे वाक्य सर्वांना पाठ आहे. सल्ला योग्यच आहे. पण तोच एकमेव धडा म्हणून दिला जातो, तेव्हा उघड्या पट्टीचा दोष ग्राहकाच्या निष्काळजीपणावर ढकलला जातो. ‘तुम्हीच कोणाला तरी सांगितले असेल’ हे वाक्य बँकेच्या खिडकीवर ऐकणारा आजचा खातेदार आणि १९९२ चा तो शिपाई एकाच रांगेत उभे आहेत.

२१/ मास्टरकार्डने जाहीर केल्याप्रमाणे २०३३ पर्यंत त्यांच्या कार्डांवरून पट्टी नाहीशी होईल. तेव्हा श्रद्धांजलीपर लेख येतील आणि त्यांत इस्त्री हमखास असेल. डोरोथिया पॅरी यांचे श्रेय त्यांना जरूर मिळावे. पण ओटीपी असो, यूपीआय असो की बोटांचे ठसे, प्रत्येक नव्या किल्लीबद्दल इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘ही कोणी शोधली?’ याच्या आधी ‘ही फसली तर भरपाई कोण करतो?’ हे विचारावे. पट्टीच्या बाबतीत तो प्रश्न वेळेत विचारला गेला नाही.

(समाप्त)