रोजची एक मूठ

मिझोराममध्ये अनेक ख्रिस्ती घरांत भात शिजायला टाकण्याआधी घेतलेल्या तांदळातली एक मूठ बाजूच्या डब्यात जाते. या प्रथेला तिथे ‘बुहफाई थाम’ म्हणतात. १९१० मध्ये ती सुरू झाली तेव्हा त्या डोंगराळ मुलखात लोकांच्या हाती रोकड फारशी नव्हती. घरात होते ते तांदूळच. साठलेले तांदूळ मंडळीतल्या स्त्रिया घरोघरी फिरून गोळा करतात, ते विकले जातात आणि तो पैसा सुवार्ताकार्याला लागतो. आता ही रक्कम वर्षाला कोट्यवधींत जाते.

रक्कम मोठी आहेच, पण खरी थोरवी मूठ काढण्याच्या वेळेत आहे. ती जेवणाआधी निघते, उरलंसुरलं म्हणून दिली जात नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू स्वतःचा नाकार करून रोज वधस्तंभ उचलायला सांगतो. मराठी मंडळ्यांत मात्र हा नाकार बहुतेक उपवासकाळापुरता उरला आहे. चाळीस दिवस मटण-मासे बंद आणि ईस्टरला पुन्हा सगळं पूर्ववत. त्या दिवसांचं मोल कमी नाही. पण शिष्यत्वाला हंगाम नसतो, हे मंडळ्यांनी स्पष्टपणे सांगायला हवं.

रोजच्या त्यागाची ही कल्पना नवी नाही. १८८६ मध्ये लंडनला मुक्ती फौजेच्या (सॅल्व्हेशन आर्मी) निधीसाठी जॉन कार्लटन या अधिकाऱ्याने वर्षभर रोजचं पुडिंग सोडून वाचलेले पैसे देऊ केले. संस्थापक विल्यम बूथ यांना कल्पना आवडली, पण वर्षभराची अपेक्षा सगळ्यांकडून नको म्हणून त्यांनी त्यागासाठी एक आठवडा ठरवला. त्यातून जगभर चालणारा निधी उभा राहिला. तरीही कार्लटन यांचा वर्षभराचा नेमच शिष्यत्वाच्या अधिक जवळचा होता.

मात्र त्याग कोण ठरवतो आणि कोण सोसतो, हेही पाहिलं पाहिजे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि पुढे साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. त्यांचं वैराग्य अस्सल होतं. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसतं की, टिळकांच्या निःस्पृहतेपायी संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी सोसली. आजही कित्येक घरांत बाई शेवटी जेवते, उरेल त्यात भागवते. तिला आणखी आत्मत्याग शिकवणं हा अन्याय आहे. मिझो मूठ सगळ्यांच्या वाट्यातून आधीच निघते, म्हणून ती न्यायाचीही आहे.

पुण्या-मुंबईच्या, नगरच्या मंडळ्यांना अशी रोजची मूठ काढणं सहज जमेल. तांदूळच हवेत असं नाही. चहाचा एक कप, घरपोच मागवलेलं एखादं जेवण, मोबाइलवरचा अर्धा तास चालेल. फक्त वाचलेला पैसा आणि वेळ त्याच आठवड्यात परिसरातल्या आजारी, एकट्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि त्याचा हिशेब रविवारी सगळ्यांसमोर वाचला गेला पाहिजे.