निर्यातीला कसोटी, स्वदेशाला केवळ विश्वास?

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाने बोस्टन परिसरात विक्रीस असलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. हा पाश्चात्त्य औषध कंपन्यांचा डाव आहे, असे म्हणून विषय झटकणे सोपे होते. परंतु परीक्षेला भिणे ही आयुर्वेदाची परंपराच नव्हे! रेखापूर्ण, वारितर, अपुनर्भव अशा परीक्षांत उतरल्याखेरीज भस्म सिद्ध मानू नये, हा रसशास्त्राचाच दंडक आहे.

भस्मात धातू हेतुपुरस्सर असतो, त्यामागे शोधन-मारणाची प्रक्रिया असते. निव्वळ वनस्पतिज चूर्णातील शिशाचे तसे नाही. ते दूषित मातीतून आणि सांडपाण्यातून झाडात शिरते. निष्णात वैद्यालाही ते वासाने वा चवीने ओळखता येत नाही; त्याला प्रयोगशाळाच हवी.

केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून अशा वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी अनिवार्य केली. दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३, ही मर्यादा. मात्र सक्ती होती ती निर्यातीपुरती! परकीय ग्राहकाला प्रयोगशाळेचा दाखला आणि स्वदेशातील रुग्णाला केवळ वेष्टनावरील ऋषीचे चित्र, हा कोणता स्वदेशाभिमान? शिशाचा सर्वाधिक आघात वाढत्या मुलांच्या मेंदूवर होतो, आणि आपल्या घरांत चूर्ण मधातून चाटवले जाते ते मुलांनाच.